धरणावर नेलेला मटका

गाडी काढून कुठंतरी जायचं, तंबू ठोकायचा आणि तिथंच शिजवून खायचं, ही कल्पना माझ्या मुलीची. आम्ही भिलाईत, स्मृती नगरात राहतो. घरात गॅस आहे, ओटा आहे, नळाला पाणी आहे. ते सगळं सोडून बालोदच्या बाजूच्या धरणावर थंडीवाऱ्यात चूल का पेटवायची, हे मला काही केल्या पटेना. पण हौसेला मोल नसतं. तिनं मोबाइलवरून मागवलेलं सामान घरी आलं. एकात एक बसणारी पातेली, मूठ दुमडता येणारा तवा, तळहातावर मावेल एवढी शेगडी आणि तिला जोडायचा गॅसचा छोटा डबा. नवऱ्यानं अंगणात चहा करून पाहिला, मुलीनं फोटो काढले. मला वाटलं, चला, भांड्यांचं तरी मिटलं.

मिटलं कसलं! माझी माय आमच्याकडेच असते. ती म्हणाली, मटका सोबत घेत असाल तरच मी येते.

मटका म्हणजे लंबी रोटीचा. पेटत्या चुलीवर मडकं पालथं घालायचं आणि त्याच्या तापल्या पाठीवर रोटी भाजायची. पीठ इतकं सैल भिजवतात की ते धरून ठेवणं हीच कसरत. या हातावरून त्या हातावर झेलत ते कोपरापर्यंत लांबवायचं आणि फाटायच्या आत मटक्यावर पसरायचं. वडील पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला लागले तेव्हा माय नागपूरकडून हे काम हातात घेऊनच भिलाईला आली. आमच्या लोकांत कुणाकडे लग्न असो की जयंतीचं जेवण, मायला बोलावणं असायचंच. मी लहानपणी शेजारी जाऊन बसले की ती पिठाच्या हातानंच हाकलायची, जा, अभ्यास कर म्हणायची. मी अभ्यास केला, बँकेत लागले, आणि ती रोटी मला कधीच आली नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, चालूही लागली. बोटं मिटतात, पण हात कोपरातून नीट वर उठत नाही. तेव्हापासून आम्ही तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातही येऊ दिलं नव्हतं.

म्हणून मला धडकी भरली. जावयासमोर, नातीसमोर, तिथं उघड्यावर तिच्या हातून रोटी पडली तर? एकदा हिंमत खचली की ती हात हलवायचंही सोडून देईल, अशी मला खात्री वाटत होती. मी नाही नाही ती कारणं सांगितली. गाडीत जागा नाही, मटका फुटेल, धरणावर जाळ करू देत नाहीत. नवऱ्यानं शांतपणे मागची सीट दुमडून जागा करून दाखवली. त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोलले नाही.

जुना मटका प्लांटचं क्वार्टर सोडताना फुटला होता. जामुलच्या वाटेवरच्या कुंभाराकडून मी पाण्याचं, पातळ मडकं घेऊन आले. मायनं डाव्या हातानं एक टिचकी मारली आणि मला परत पाठवलं. जाड बुडाचा आला, तेव्हा अंगणात खुर्ची टाकून बसली आणि माझ्याकडून तो मंद जाळावर तापवून घेतला. नवा मटका एकदम आगीवर घातला तर तडकतो. तो तडकावा असं मला मनापासून वाटत होतं. तडकला नाही.

मुलीनं तो गोधडीत गुंडाळून मांडीवर धरून नेला. धरणाच्या काठी आम्ही दगड मांडले, लाकडं पेटवली. माय पाटावर बसली. डाव्या हातानं कितीतरी वेळ पीठ मळत राहिली. मग गोळा उचलला. डावा हात वर गेला, उजवा कमरेशीच राहिला. पीठ लोंबलं आणि तिच्या गुडघ्यांवरून रेतीत पडलं. तिनं दुसरा गोळा घेतला. तोही पडला. नवरा काहीतरी आणायचं निमित्त करून गाडीकडे गेला. मुलीनं मोबाइल खाली ठेवला.

मला बघवेना. मी हात धुतले आणि परातीकडे गेले.

"दे माय, मले करून पाहू दे."

तिनं परात आपल्याकडे ओढली. "राहू दे. तू चुलीपाशी बसू नये म्हणून तुले शिकवलं. आता काऊन बसून राहिली?"

माझा तोल गेला. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. जमणार नाही हे ठाऊक होतं तर एवढा आटापिटा कशाला केलास, आम्हाला कशाला इथवर मटका वाहायला लावलास, असं मी तिला तोंडावर विचारलं. मुलगी माझा पदर ओढत होती.

माय गुडघ्यावरचं पीठ निपटत होती. चिडली नाही. "मले पाहाचं होतं," म्हणाली. "घरी तुमी पाहूच देत नाही. घास बी तुमीच भरवता. हात माहा आहे, तो गेला का राहिला, हे मलेच मालूम नोतं."

वर्षभर जिला मी जपणूक म्हणत होते, ती तिला कोंडल्यासारखी झाली होती, आणि मला वाटत होतं की मी चांगली मुलगी आहे.

मुलीनं शेगडी लावली आणि पातेल्यात खिचडी टाकली. ताटं वाढली. सवयीनं मी चमचा घेऊन मायजवळ सरकले. तिनं ताट उचलून आपल्या मांडीवर ठेवलं, वाकून तोंड ताटाजवळ नेलं आणि उजव्या हातानं खायला लागली. निम्मा घास सांडत होता. लुगड्यावर शितं पडत होती. चमचा हातात धरून मी नुसती बसून राहिले. मला रडू येत होतं. तिला मात्र भूक लागली होती.