डासाच्या वाढदिवसाचा बोर्ड

हल्ली आरोग्याचा संदेश मोबाइलवर नाचत-गात येतो. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत आमच्या कोल्हापुरात तो चौकात टांगावा लागे, आणि टांगणारा मी होतो. माझं डिजिटल बोर्ड, म्हणजे फ्लेक्स, छापायचं दुकान होतं. बोर्ड म्हणजे वाढदिवस. वर वाढदिवसवाला गॉगल लावून, खाली शुभेच्छुकांची फौज, तीही गॉगल लावून.

एका पावसाळ्यात गल्लीत चिकुनगुन्या शिरला. आमच्या आबांचे सांधे असे धरले की चहाचा कप उचलेना, मीच बशीनं पाजायचो. वॉर्डाच्या सिस्टर दारोदार सांगत फिरायच्या, "साठवलेल्या पाण्यात डास होतात. आठवड्यातनं एक दिवस पिंपं रिकामी करून कोरडी ठेवा. एक जरी घर राहिलं तरी उपयोग न्हाय."

गल्ली ऐकून घ्यायची आणि अध्यक्षांकडे बघायची. अध्यक्ष म्हणजे आमच्या तरुण मंडळाचे, वय पंचावन्न. त्यांच्या दारात मंडळाचं नाव रंगवलेलं निळं पिंप, काठोकाठ भरलेलं.

"आमच्या पिंपात डास?" ते म्हणायचे. "हिंमत हाय का त्याची?"

शेवटी सिस्टर दुकानात येऊन बसल्या. "तुमच्या बोर्डाखाली सगळी थांबत्यात. माझं कोण ऐकत न्हाय."

मला चेवच आला. दुसऱ्या दिवशी चौकात बोर्ड झळकला. गॉगल लावलेला, गळ्यात जाड साखळी घातलेला डास. 'डासरावांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' आणि शुभेच्छुकांच्या जागी गल्लीतली उघडी पिंपं. मधोमध, सगळ्यांत मोठं, निळं.

दिवसभर चौक हसला. संध्याकाळी अध्यक्ष आले, मागे चार कार्यकर्ते. मी शटर किती लांब आहे ते बघून ठेवलं.

"हे पिंप कुणाचं?"

"तुमचंच की."

"मग पिंपाचा फोटो हाय, माझा का न्हाय?"

मी शटरचा नाद सोडला. बोर्ड बघायला आलेल्या सिस्टर दुकानातच होत्या, त्या लगेच म्हणाल्या, "पुढच्या बोर्डावर घालू की. पण ज्याचं घर कोरडं, त्याचाच फोटो. मी स्वतः तपासणार."

ठरल्या दिवशी अख्ख्या गल्लीनं पिंपं पालथी घातली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, गॉगल लावून पिंपाशेजारी उभ्या. आबांनी तर बाजेवरूनच फोटो काढून घेतला. अध्यक्ष मिशीला पीळ देत सज्ज. सिस्टर बॅटरी घेऊन त्यांच्या घरात शिरल्या आणि बाहेर आल्या त्या मान हलवतच.

"फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आळ्या हायत. फोटो न्हाय."

"ओ सिस्टर, चारचौघांत काय हे!"

पण बाह्या सारून त्यांनी स्वतः फ्रिज ओढला, ट्रे घासला, उन्हात वाळवला. मगच गॉगल चढवून फोटो काढून घेतला, आणि कोरड्या घरांचा बोर्ड चौकात लागला.

त्यानंतर गल्लीत नवीन कुणी अंथरूण धरलं नाही. महिन्याभरानं आबा काठी टेकत चौकात आले. बोर्ड बराच वेळ न्याहाळला आणि माझ्यावर खेकसले, "सगळ्यास्नी गॉगल हाय. माझा कुठाय रं?"

असं म्हणत त्यांनी हात खांद्याच्या वर उचलून थेट स्वतःच्या फोटोकडे बोट केलं. त्या हाताकडे बघत मी तिथल्या तिथं नवा बोर्ड कबूल केला.