कमी उष्मांकाचा गट

नमस्काराच्या आधी सर समोरच्या माणसाचं मनगट अंगठा आणि बोटाच्या कड्यात धरायचे. कडं जुळलं नाही की म्हणायचे, "वाढलंय!" बायकांचं मनगट ते नुसत्या नजरेनं मोजायचे. लातूरच्या एका कॉलेजात ते आहारशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या संशोधनात मदतनीस होते. वजनाचा काटा मी उचलायचा, नाव त्यांचं व्हायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पहिल्या वर्षी आपल्याला त्यांचा आदर वाटतो.

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमधून फिरलो. सरांना भूकंपग्रस्तांच्या आहारावर शोधनिबंध लिहायचा होता. फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता, 'काल दिवसभरात काय खाल्लं?' एक म्हातारी म्हणाली, "सायेब, काय खाल्लं ते ध्यानात न्हाई. कुणी वाढलं ते ध्यानात हाय. सून वाढायची. ती दबून गेली."

सर माझ्याकडे वळले. "आठवत नाही, असं लिहा. पुढचं घर."

मी तसंच लिहिलं.

काही वर्षांनी लातुरात क्लासचं पीक आलं. गल्लीगल्लीत होस्टेलं, मेस आणि पहाटेपासून बसून पाठांतर करणाऱ्या पोरी. सरांनी वजन कमी करण्याचा प्रयोग काढला. एका होस्टेलच्या मुलींपुढे त्यांनी भाषण ठोकलं, "अंग हलकं झालं की डोकं चालतं." याला आधार काय, असं मी नंतर विचारलं. "तोच तर आपण शोधतोय," सर म्हणाले. मुलींना मात्र त्यांनी तो सापडल्यासारखा सांगितला होता. मार्कांसाठी त्या पोरी काहीही करायला तयार होत्या.

उमरीकडची एक मुलगी त्यात होती. तशी जाड नव्हतीच. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी वरणाचं पाणी आणि काकडी. दर सोमवारी काट्यावर उभी राहून विचारायची, "मॅडम, आता बुद्धी वाढंल ना?" मी हसून वेळ मारून नेत असे.

पाचव्या आठवड्यात ती क्लासच्या चाचणीत चक्कर येऊन पडली. बाकाची कड कपाळाला लागली, टाके पडले. तिचे वडील शेतातून तसेच निघून आले. पायांना अजून काळी माती होती.

"सर, लेक शिकाया धाडली हुती. उपाशी ठेवाया न्हाई."

"उपाशी नव्हती," सर शांतपणे म्हणाले. "कमी उष्मांकाच्या गटात होती."

वडिलांना ते कळलं नाही. त्यांनी पोरीची ट्रंक खांद्यावर घेतली आणि तिला घेऊन गेले. पुढच्या वर्षी तिनं गावाकडूनच बारावी दिली, पास झाली, एवढं मला नंतर समजलं. सरांनी कधी चौकशी केली नाही. त्यांनी मला फक्त तिच्या नोंदींचा कागद काढून टाकायला सांगितला. "एका पोरीपायी निष्कर्ष बिघडतो." मी काढला. हे मी लपवत नाही.

नांदेडला चर्चासत्रात सरांनी या प्रयोगावरचा निबंध वाचला. 'सर्व मुलींनी हा आहार आनंदाने स्वीकारला,' या वाक्याला मात्र मला बसवेना. मी उभी राहिले. "सर, एक मुलगी वगळलीय. तिला टाके पडलेत."

सर हसले. "आमच्या बाई जरा हळव्या आहेत." लोकही हसले. तेवढ्यात चहा आला आणि सगळे उठले. दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. सरांना त्या निबंधासाठी शाल मिळाली.

बऱ्याच वर्षांनी मी नांदेडच्या एका दवाखान्यात नात्यातल्या बाळंतिणीला बघायला गेले होते. सर व्हरांड्यात मांडीवर डबा घेऊन बसले होते. निवृत्त झाले होते. त्यांच्या बायकोचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. मला पाहून ते उठले.

"बाई, ती अन्नाला तोंड लावत नाही. माझं ऐकत नाही. तुम्ही तरी सांगता का, दोन घास खा म्हणून?"

मी आत गेले. डब्यात गरगट्टा भात होता, बहुधा त्यांनीच केलेला, खाली लागलेला. काकूंनी माझ्या हातून तीन घास खाल्ले आणि मान फिरवली. मी त्यांचं तोंड पुसलं.

बाहेर येऊन सरांना सांगितलं, "तीन घास गेले." त्यांनी मान हलवली, डबा घेतला आणि धुवायला नळाकडे गेले. पाठीत वाकले होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ते परत येईपर्यंत थांबावंसं वाटलं नाही. जिना उतरून मी लातूरची बस धरली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.