सुनेची मॅच आणि माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र

आमच्या नात्यात अजून अशी चार घरं आहेत, जिथे माझा विषय निघाला की आवाज खाली येतात. काय बोलतात ते मला ठाऊक आहे. विधवा बाईनं सुनेचं मंगळसूत्र आपल्या गळ्यात घातलं, तेही भर मैदानात, एवढ्या लोकांसमोर. खरं आहे, घातलं. का घातलं हे मात्र कोणी विचारलं नाही, म्हणून मीच लिहायला बसले आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर आणि शेजाऱ्यांच्या कालच्या पेपरावर झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मुलगा बघून देतो. म्हणणं माझं, त्याला त्यानं हात लावायचा नाही, अशी आमची बोली झाली आहे.

सून आमची बास्केटबॉल खेळते. लोक मला विचारतात, "खेळायची ना हो तुमची सून?" मी दर वेळी सांगते, खेळायची नव्हे, खेळते.

तिचं माहेर ठाण्याचं, कोपरीचं. मुलगा तिच्या ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करायला जायचा, तिथे जमलं दोघांचं. घरी घेऊन आला तेव्हा दारातून आत येताना तिनं सवयीनं मान खाली घातली. आमच्या ठाकुर्लीच्या घराचं दार काही इतकं ठेंगणं नाही. पण उंच मुलींना जगानंच ती सवय लावलेली असते. माझ्या मुलापेक्षा ती चांगली वीतभर उंच. कल्याणच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तिला बघितलं आणि चहाचा कप ठेवायच्या आधीच माझ्या कानाला लागल्या, "अगं, पंखे पुसायला बरी आहे, पण शेजारी उभा राहिल्यावर आपला पोरगा धाकटा भाऊ दिसेल." मी म्हटलं, ताई, दिसू दे की. भाऊ दिसला तरी नवराच राहणार आहे.

लग्नात फोटोवाला तिला सारखा सांगत होता, मॅडम, जरा गुडघ्यात वाका. मी स्टेजवर जाऊन त्याला म्हटलं, तूच स्टुलावर चढ आणि तिकडून काढ. हार घालताना मुलाच्या मित्रांनी मुलाला उचललं. एरवी नवरीनं हार घालू नये म्हणून नवऱ्याला उचलतात, इथे त्याचा हात पोचावा म्हणून उचलावं लागलं. हॉलभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं सून हसली. मला तेव्हाच बरं वाटलं.

तिचं कॉलेजचं सगळं मला तिनं मेथी निवडताना सांगितलेलं आहे. शाळेत शेवटच्या बाकावर बसायची, पोक काढून चालायची. कॉलेजात गेली तर जिमखान्याच्या सरांनी अ‍ॅडमिशनच्या रांगेतच गाठलं आणि विचारलं, हात वर कर बघू. हिला वाटलं काही चुकलं. सरांना तिचा हात कुठवर पोचतो ते बघायचं होतं. त्या दिवसापासून पोक गेलं, म्हणते. पहाटे प्रॅक्टिस, मग लेक्चर, मग परत प्रॅक्टिस. रिंगला जाळी नव्हती, म्हणून बॉल आत गेला का बाहेरून गेला यावरून रोज भांडणं. गावोगावी मॅचेस, राहायची सोय एखाद्या शाळेच्या वर्गात. चार बाकं जोडून झोपायचं आणि एकच जर्सी रोज धुऊन वाळत घालायची. दमट हवा असली की ओलीच अंगात. अशी ती कॉलेजची कॅप्टन झाली, मग युनिव्हर्सिटी, मग राज्याच्या संघात. तिची आई म्हणायची, हिचे बूट आमच्या सगळ्यांच्या चपलांपेक्षा महाग. पण घेऊन द्यायची.

पुढे एका सरकारी ऑफिसात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. सकाळी टेबलावर काम, दुपारनंतर प्रॅक्टिस, आणि ऑफिसच्या संघातून देशभर मॅचेस. लोकांना वाटतं खेळायचा पगार म्हणजे मजा. पण ती नोकरी कच्ची होती. दोन वर्षं खेळ बघायचा आणि मग कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवायचं. लग्न झालं ते दुसऱ्या वर्षात. त्या उन्हाळ्यात ठाण्याला वेगवेगळ्या खात्यांच्या संघांची स्पर्धा होती, आणि तिचं काय करायचं ते तिथला खेळ बघूनच ठरणार होतं. तिथे ती बाकावर बसून राहिली असती तर कॉलेजपासूनची सगळी मेहनत पाण्यात.

मला खेळ कुठला कळायला. आधी आधी शिट्टी वाजली की मला वाटायचं संपला. मग मोबाइलवर बघून बघून शिकले. बॉल हातात धरून चालायचं नाही, आपटतच न्यायचा. समोरच्याच्या रिंगखाली तीन सेकंदांच्या वर उभं राहायचं नाही. अख्खा जन्म ओट्यापाशी उभी राहिलेली बाई मी, मला हा नियम फारच आवडला.

आता मुख्य गोष्ट. मॅचमध्ये अंगावर काहीही चालत नाही. बांगडी नाही, कानातलं नाही, गळ्यात काही नाही. स्वतःला लागतं, दुसऱ्याला लागतं. आणि आमच्या घरची रीत अशी की मंगळसूत्र गळ्यातून उतरवायचं नाही. तुटलं तर ओवून होईपर्यंत हळकुंड बांधलेला दोरा घालायचा, पण गळा मोकळा ठेवायचा नाही. जाऊबाईंनी हे सुनेला लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं. वर हेही सांगितलं की आपला पोरगा रोज मोटारसायकलवरून शीळफाट्याच्या, ट्रकांनी भरलेल्या रस्त्यानं जातो, तेव्हा जपून. झालं. एवढं एक वाक्य बाईच्या मनात सोडलं की पुढचं काम आपोआप होतं. सून शिकलेली, ऑफिसात चार पुरुषांना सरळ करणारी, पण तिलाही मंगळसूत्र काढायचं म्हटलं की डोळ्यांपुढे तो रस्ता यायला लागला.

मग आम्ही दोघींनी मिळून अक्कल चालवली. तिच्या जर्सीला आतून, गळ्याच्या खाली, मी एक चिंचोळा खिसा शिवला. मंगळसूत्र गळ्यात नाही, पण अंगावर आहे. देवाला पण चालेल आणि रेफरीला दिसणार नाही. दुहेरी टीप घातली होती मी. अभिमान वाटत होता मला त्या खिशाचा.

मॅचला जाऊबाईही आल्या. त्यांना बघायचं होतं, ऑफिसवाले आपल्या सुनेला कपडे काय घालायला लावतात. वर पत्र्याचं छत असलेलं मैदान, बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, तिथे आम्ही बसलो. सून चड्डीत बाहेर आली तशा जाऊबाई पुटपुटल्या, गुडघे तरी झाकायचे. मी म्हटलं, ताई, गुडघ्यांवरच पगार आहे तिचा.

मॅचच्या आधी मुली धावत येऊन रिंगमध्ये बॉल टाकायचा सराव करतात. सून आली, उडाली, बॉल आत टाकला, आणि खाली येताना माझी दुहेरी टीप उसवली. काळे मणी जर्सीच्या गळ्यातून बाहेर येऊन लोंबायला लागले. रेफरी बाईच होती. ती जवळ आली, शांतपणे सांगून गेली की हे काढून ठेव, नाहीतर बाहेर बस. खिशातसुद्धा नको.

सून कडेला उभी राहिली. एका मुठीत मणी धरलेले. तिच्या कोचनं काहीतरी विचारलं, तिनं मूठ उघडून मणी दाखवले. कोचनं दुसऱ्या मुलीला उठवलं, तिनं अंगातलं जाकीट काढायला घेतलं. आणि सून पायऱ्यांकडे बघायला लागली. माझ्याकडे.

सांगते, मला राग आला. तिचा नाही. एवढी मोठी बाई, राज्याकडून खेळलेली, आणि आपल्या गळ्यातलं काढू का म्हणून माझ्याकडे बघते, याचा. ही नजर मला ओळखीची होती. मी अशीच बघत आले होते, आधी सासूकडे, मग जाऊबाईंकडे. जाऊबाईंनी माझा पदर धरला, म्हणाल्या, "बस खाली. नाही खेळली एक दिवस तर काय मोठंसं." मी पदर सोडवून घेतला आणि पायऱ्या उतरले.

"काढ," मी म्हटलं.

"आई, पण ह्यांना काही..."

"त्याला हेल्मेट घालायला सांगितलंय मी. तू काढ आणि जा."

तिनं काढून माझ्या हातात दिलं. जाकीट काढणारी मुलगी हसली आणि सुनेच्या पाठीवर एक जोरात थाप मारून परत बसली. मी वर आले. पर्स नेली नव्हती. जाऊबाईंच्या पर्समध्ये ठेवलं असतं तर ते घरी परत येईपर्यंत दहा घरी फिरून आलं असतं. म्हणून मुठीत घट्ट धरून बसले. मॅच सुरू झाली. सुनेनं दोघींच्या मधून वाट काढली आणि पहिलाच बॉल असा आत टाकला की रिंगला लागलासुद्धा नाही. सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं, आणि मी एका हाताची मूठ वळून बसलेली. मग मी ते मंगळसूत्र सरळ डोक्यावरून गळ्यात घातलं आणि टाळ्या वाजवल्या.

मला कळत नव्हतं असं कोणी समजू नये. चांगलं कळत होतं. काळे मणी किती वर्षांनी गळ्याला लागले होते, थंड लागले.

जाऊबाई आधी माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या, मग आजूबाजूला कोण बघतंय ते बघितलं.

"काय केलंस हे? कळतंय का तुला?"

"कळतंय ताई. हात मोकळे हवे होते."

त्या उठून गेल्या. त्यांच्या जागी मी पाण्याची बाटली ठेवली आणि उरलेली मॅच ऐसपैस बसून बघितली. सून सगळा वेळ खेळली. शेवटी थोडक्यात हरल्या पोरी, पण समोरचा कोच तिच्याशी हात मिळवायला चालत आला हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. आम्ही ठाकुर्लीला पोचायच्या आत गोष्ट कल्याण, दिवा, बदलापूर करून आली होती. मुलाला तिघांनी फोन करून तब्येत विचारली. तो बिचारा दारात उभा राहून आम्हाला म्हणाला, मी ठीक आहे, सगळ्यांना सांगून दमलो, आता कोणी जिंकलं ते सांगा.

रविवारी मोठे दीर आले. बैठकीवर बसले, पाणी घेतलं, सुनेलाही बोलावून समोर बसवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलीनं ऑफिसात टेबलाचं काम मागून घ्यावं, खेळ आता पुरे झाला. नाहीतर असले प्रकार होत राहणार. आणि मी वयानं मोठी असून जे केलं त्याबद्दल जाऊबाईंची माफी मागावी. मुलगा काही बोलायला गेला, त्याला मी हातानं थांबवलं. हे माझं होतं.

मी म्हटलं, "दादा, तुमचा भाऊ गेला तेव्हा ते माझ्या गळ्यात होतं. लग्नापासून एक दिवस उतरवलं नव्हतं मी, बाळंतपणातसुद्धा नाही. थांबला का तो?"

त्यांनी पाण्याचा रिकामा पेला उचलून परत ठेवला.

"नाही थांबला. मग हिनं तासभर काढलं म्हणून माझ्या पोराला काही होतं, असं मला पुन्हा कोणी सांगायचं नाही. माझ्या गळ्यात घातलं ते मी घातलं, तिनं नाही. माफी मी मागणार नाही. आणि खेळाचं तिला विचारा, मला काय विचारता."

त्यांनी सुनेकडे बघितलं. ती पाठ ताठ करून बसली होती, बसल्या बसल्याही त्यांच्यापेक्षा उंच.

"काका, मी खेळणार," ती म्हणाली. "चहात साखर किती घालू तुम्हाला?"

चहा न घेताच गेले.

महिन्याभरात तिला ऑफिसनं कायम केलं. आनंद झालाच, पण कल्याणहून कोणाचा फोन आला नाही. श्रावणात तिची पहिली मंगळागौर होती. आमच्यात नव्या नवऱ्या बोलावून पूजा करायची आणि मग खेळ खेळायचे, ही पद्धत. जाऊबाईंनी निरोप धाडला की आमच्याकडच्या लेकी-सुना येणार नाहीत, आणि त्या घरी पूजेला बसेल कोण ते बघतोच. मी उलट निरोप धाडला की बघायला अवश्य या.

मी सुनेला म्हटलं, तुझ्या संघाला बोलाव. ती म्हणाली, आई, एकीचंच लग्न झालंय त्यांच्यात. मी म्हटलं, बाकीच्यांचं व्हायचं तेव्हा होईल, नाही तर नाही. फुगडी येते का विचार. तर त्या सगळ्या आल्या, बॅगा खांद्याला, नऊवारी एकीलाही पुरेना, घोट्याच्या वर आलेल्या. दोघींनी पूजा केली, बाकीच्या आरतीला उभ्या राहिल्या. इतरांच्या घरी माझ्यासारखीनं अशा वेळी स्वयंपाकघरात थांबायचं असतं. मी पुढे पाट घेऊन बसले.

आणि मग त्या पोरी फुगडी घालायला लागल्या. जन्मभर पाय चालवण्याचीच सवय त्यांना. आमची फरशी हादरली. खालच्या मजल्यावरच्या बाई भांडायला वर आल्या, भिंतीतला चुना पडतोय म्हणाल्या. मी त्यांना आत बोलावलं, ताटलीत करंजी दिली. त्या दारातच उभ्या राहून खात होत्या. थोड्या वेळानं ताटली टीव्हीपाशी ठेवली, पदर खोचला आणि रेफरीसारखा हात वर करून विचारलं, माझ्याबरोबर कोण घालतंय. सून पुढे झाली.