तांब्याचं वेटोळं

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला सारी गल्ली 'मिस्त्री' म्हणायची. थोरली बहीण घरी राहायला आली आणि मिस्त्रीचा पुन्हा 'ढब्बू' झाला. अंगावर मूठभर मांस नाही, तरी ढब्बूच.

ताई शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. भावजी गेल्यावर रिकामं घर तिला खायला उठायचं, म्हणून यानंच तिला ओढून आणलं होतं. सामान म्हणजे एक बॅग आणि खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. टाकीत दोन मासे, एक लाल पट्ट्यांची कोळंबी, चार-पाच गोगलगायी आणि उसना शंख पाठीवर घेऊन हिंडणारा एक खेकडा.

पण ताई घरात पाहुणीसारखी वावरायची. चहा पिऊन झाला की कप धुऊन पालथा. खिडकी उघडायची तर आधी विचारणार. आणि मधूनच, "एखादी लहानशी खोली बघतेय मी. तुमची अडचण नको."

"तिला हे घर आपलं वाटेल असं काहीतरी करायला हवं," तो बायकोला म्हणाला.

"मग काहीतरी दुरुस्त करा. दुसरं येतंय काय तुम्हाला?"

बायकोचा टोमणा त्यानं मनावर घेतला. उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापायचं आणि ताई बाटल्यांत बर्फ भरून आत सोडत बसायची. गार करणं हा तर त्याच्या हातचा मळ. कोरी तांब्याची नळी घेतली, बाटलीभोवती गुंडाळून सुबक वेटोळं केलं, एका जुन्या फ्रिजच्या यंत्राला जोडलं आणि टाकीत सोडलं. पाणी झक्क गार झालं.

"किती खपलास रे," ताई म्हणाली. त्याची छाती फुगली.

पुढच्याच आठवड्यात टाकीची तऱ्हा बदलली. ताईनं हात घातला की बोटं कुरवाळायला धावणारी कोळंबी दगडाखाली दडून बसली. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडल्या. आणि एका सकाळी खेकडा शंख सोडून शेजारीच उघडावाघडा बसला होता.

"नवीन जागा आहे, रुळतील," तो म्हणाला. "मासे बघ की, कसे मजेत आहेत."

"हो," एवढंच ताई म्हणाली.

बायकोनं त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही कामावर गेलात की ताई बादल्या उपसून पाणी बदलतात. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, ह्याला सांगू नकोस."

तो चपापला. ग्राहकाकडं गेल्यावर तो आधी बघायचा, काय चालू आहे आणि काय बंद. इथं मासे चालू होते. बिनहाडाचे तेवढे बंद. आणि टाकीत नवं काय आलं होतं? त्याचंच वेटोळं.

ताई टाकीसमोर बसली होती.

"ताई, तांब्यामुळं झालं हे?"

"पाण्यात उतरतं ते. मासे सोसतात. ह्यांना कणभरही सोसत नाही."

"तुला कधी कळलं?"

"गोगलगायी पडल्या तेव्हा."

"आणि बोलली नाहीस?"

"इतक्या हौसेनं केलं होतंस. दुसऱ्याच्या घरात राहायचं आणि वर नावं ठेवायची..."

"दुसऱ्याच्या?" तो स्टूल ओढून समोर बसला. "लहानपणी तुझ्या वहीवर शाई सांडली, तर गल्लीभर पळवून झोडपलं होतंस मला. आता तुझी ही पोरं मारायला निघालोय, तर म्हणे किती खपलास. मी काय परका झालो?"

ताईनं खेकड्याकडं पाहिलं. मग भावाकडं. मग तिचा आवाज असा चढला, की बायको हातातली पळी घेऊनच बाहेर आली.

"मग ऊठ. आधी ते वेटोळं काढ. गाढवा, तांबं घालायच्या आधी तोंडानं विचारावं माणसानं. बघतोस काय, बादली आण. वहिनी, तू तो टेबलावरचा पंखा पाण्यावर रोखून लाव, वाऱ्यानं गार होतं तेवढं पुरे. आणि ढब्बू, मीठ नीट ढवळ, आमटी नाही करायची."

दुपारभर घरात बादल्यांची ये-जा चालली. ताईनं पाण्यात कोळशाच्या कणांची पिशवी सोडली, तांबं शोषून घ्यायला. खेकड्याला वाटीत शंखाशेजारी ठेवलं. पुढचे कितीतरी दिवस पाणी बदलणं चालूच राहिलं. एक गोगलगाय काही वाचली नाही. पण खेकडा शंखात शिरला. मग एक गोगलगाय काचेवर चढली, तिच्यामागून बाकीच्याही. कोळंबीच्या नुसत्या मिशा दगडाबाहेर दिसायला लागल्या.

"खोलीचं काय झालं, विचारू का ताईंना?" बायको कुजबुजली.

"गप बस. कशाला आठवण करून देतेस?"

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "ढब्बू, पलंगाखालचं तुझं भंगार आजच्या आज हलव. मला बादल्या ठेवायला जागा हवीय."

"लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय," बायको म्हणाली.

"आता दोघी झालात," तो म्हणाला, आणि गुडघे टेकून पलंगाखाली शिरला.