उंबर कोणाच्या हातात होता

ती केस अजून मनातून गेलेली नाही. निवृत्त होऊन घरी बसलो आहे, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत, आणि ज्यांच्यामागे रात्रंदिवस पळालो त्या निम्म्या आरोपींचे चेहरेही आता आठवत नाहीत. ही केस मात्र आठवते. यात ना कुणी सराईत गुन्हेगार होता, ना कुणाचं कुणाशी वैर. सगळी एकाच घरातली माणसं होती आणि घरात लग्न होतं.

मी तेव्हा भिवंडी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमचा रोजचा धंदा म्हणजे वडपे बाजूच्या गोदामांतल्या चोऱ्या, हायवेवरचे अपघात आणि जमिनीच्या वाटण्यांवरून होणाऱ्या मारामाऱ्या. त्यात अलीकडे एक नवं दुखणं आलं होतं. वज्रेश्वरीच्या रस्त्याला फार्महाऊस आणि रिसॉर्ट उगवले होते आणि जिथे पाणी दिसेल तिथे बोटी आल्या होत्या. त्यातलाच एक तलाव म्हणजे जुनी दगडखाण. खाण बंद पडली, पाणी भरलं, कुणीतरी चार बोटी आणून सोडल्या आणि पाटी लावली. दर रविवारी तिथे आमचा एक अंमलदार बंदोबस्ताला जायचा आणि रिकाम्या बाटल्या बघून परत यायचा.

वर्दी आली ती दुपारी, जेवणाच्या वेळेला. बोट उलटली, एक माणूस सापडत नाही. मी पोचलो तेव्हा काठावर पन्नासेक माणसं होती, बँजो पार्टीची वाद्यं गवतात तशीच टाकलेली होती आणि बायका रडत होत्या. पुरुषांनी एकाच कापडाचे पिवळे कुर्ते शिवून घेतले होते. हळदीचा दिवस होता. अग्निशमन दलाच्या जवानांनी आणि गावातल्या पोहणाऱ्यांनी सूर्य मावळायच्या आत त्याला बाहेर काढलं. तो त्या घरचा जावई होता. अंगावर तोच पिवळा कुर्ता.

हकिकत अशी. घर खाडीकाठच्या जुन्या शेतकऱ्याचं. जमिनी गोदामांना दिल्या, घरात पैसा आला, पण रीतिरिवाज सुटले नाहीत. लग्नाच्या मांडवात उंबराची डहाळी लागते आणि ती घरच्या जावयाने आणायची असते. उंबर तलावाच्या पलीकडे, ग्रामदेवतेच्या देवळाशी. आजवर लोक वाजतगाजत रस्त्याने जात आणि रस्त्यानेच परत येत. या वेळी नवरदेवाच्या मनात आलं की उंबर बोटीतून आणायचा. बँजो आणि बायका रस्त्याने, आणि बोटीत चौघे: नवरदेव, त्याचे दोन चुलतभाऊ आणि जावई. येताना काठाजवळ बोट उलटली. तिघे पोहून बाहेर आले.

मी अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा केला आणि तिघांना रक्ताच्या नमुन्यासाठी सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिघेही प्यालेले होते, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. लाइफ जॅकेटं बोटवाल्याच्या शेडमध्ये खिळ्यांना टांगलेली होती, कोरी करकरीत. त्याला विचारलं, दारू प्यालेल्यांना बोट दिलीस कशी? तो खाली बघून म्हणाला की जागा त्यांचीच आहे, भाडं त्यांनाच जातं, मी कोणाला नाही म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तिघांचे जबाब झाले. तिघांनीही एकच सांगितलं. भावजींना चढली होती. त्यांनी हट्टाने इंजिनाचा दांडा आपल्या हातात घेतला. आम्ही नको नको म्हणत होतो. त्यांनी जोरात वळण घेतलं आणि बोट पलटी झाली.

आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. खरं बोलणाऱ्या तीन माणसांचं कधी पूर्ण जुळत नाही. एक म्हणतो डावीकडे वळलो, दुसरा म्हणतो उजवीकडे. इथे तर ‘नको नको’सुद्धा तिघांनी दोनदाच म्हटलं होतं. पण नुसत्या संशयावर काय होतं? काठावरच्या लोकांना लांबून चार पिवळे कुर्ते दिसले होते, त्यातला कोण कुठे बसला होता ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि मेलेला माणूस जबाब देत नाही. वरून नवरदेवाचे वडील दोन प्रतिष्ठित माणसांना घेऊन आले. घरावर आधीच दुःखाचा डोंगर कोसळलाय साहेब, आता वाढवू नका, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. ते दुःख खोटं नव्हतं.

मी कदाचित वाढवलंही नसतं. पण उत्तरकार्य व्हायच्या आधीच एक दिवस सकाळची हजेरी चालू असताना मयताची बायको ठाण्यात आली. वज्रेश्वरीच्या बसने एकटीच आली होती. तिच्या नवऱ्याचं तिथे देवळाजवळ हार-प्रसादाचं छोटं दुकान होतं. बाई तिशीची असेल. खुर्ची दिली तरी बराच वेळ उभीच राहिली.

तिने सांगितलं की नवऱ्याला साधी स्कूटरही चालवता येत नव्हती. दुकानाचा मालसुद्धा तो दुसऱ्याच्या रिक्षातून आणायचा. पाण्याची तर भीतीच होती. गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला गेला तरी पायरीवर बसून तांब्याने पाणी घ्यायचा. असा माणूस हट्टाने बोट चालवायला घेईल हे तिला पटत नव्हतं.

मी तिला स्पष्ट विचारलं, “ताई, तुम्ही कोणाविरुद्ध बोलताय ते लक्षात आहे ना? नवरदेव तुमचा सख्खा भाऊ आहे.”

“हाय ना साहेब. मांडीवर खेळवलाय मी त्याला,” ती म्हणाली. “पन माझी पोरगी उद्या शाळंत जाईल. पोरां बोलतील, तुझा बापूस दारू पिऊन बोट बुडवून मेला. ता खरा असंल तर मी गप ऱ्हाते. पन खरा नसंल तर मना समजाया पायजे.”

एवढंच तिचं मागणं होतं. भरपाई नको, शिक्षा नको. ती गेल्यावर मी तिन्ही जबाब पुन्हा काढले.

तिघांना वेगवेगळ्या वेळी बोलावलं. धाकट्या चुलतभावाला आधी बसवलं. धमकावणं मला कधी फारसं जमलं नाही, आणि पाठ केलेल्या माणसावर त्याचा उपयोगही होत नाही. तो पाठ केलेलंच जास्त घट्ट धरतो. त्याच्याशी ज्या गोष्टी त्याने पाठ केलेल्या नाहीत त्यांबद्दल बोलावं. मी त्याला हळदीबद्दल विचारलं. जेवायला काय होतं, बँजोवाले कुठले, कुर्ते कोणी शिवले. तो जरा सैल झाला. पंचनाम्यात काठावर मिळालेल्या उंबराच्या डहाळीची नोंद होती. मी सहज विचारलं, ही डहाळी बोटीत कुठे ठेवली होती?

त्याला माझा प्रश्न आवडला नाही. अडाण्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

“ठेवत न्हाय साहेब. उंबर खाली ठेवत न्हाय कदी. मांडवात जाईस्तोवर जावयाच्या हातातच पायजे. भावजींनी धरलेला, दोनी हातान.”

“दोन्ही हातांनी?”

“हां. तसाच धरायचा असतो.”

मी लिहिणाऱ्या हवालदाराकडे पाहिलं. त्याचं पेन थांबलं होतं. मग मी विचारलं, “मग इंजिनाचा दांडा कोणाच्या हातात होता?”

 काय बोलून गेलो ते त्या पोराला तेव्हा कळलं. पाणी मागितलं, प्याला, आणि रडायला लागला. घराने त्याला खोटं बोलायला शिकवलं होतं, पण घराच्या रीतीबद्दल खोटं बोलायचं त्याला सुचलंही नव्हतं.

त्यानंतर नवरदेवाला फार विचारावं लागलं नाही. हळदीचा पिवळेपणा त्याच्या नखांतून अजून गेला नव्हता. त्याने सगळं सांगितलं. सकाळपासून मांडवात पिणं चालू होतं. बोटीत बसताना जावई म्हणाला होता की मला पोहता येत नाही, मी रस्त्याने येतो. यावर सगळे हसले. आमच्या घरचा जावई आणि पाण्याला भितो? परत येताना काठावर बँजो वाजताना दिसला आणि याला जोर आला. पाहुण्यांना दाखवायला त्याने बोटीच्या दोन घिरट्या घेतल्या. तिसरी घेताना बोट कलली.

“आम्ही खाडीत वाढलेली पोरं, साहेब,” तो म्हणाला. “मना वाटला, काठ जवळ हाय, उभं ऱ्हाता येईल.”

ही चूक त्या लोकांनीच करावी अशी होती. खाडीचा काठ उतरता असतो. बुडतोय असं वाटलं तरी पायाला चिखल लागतो. दगडखाणीला काठ नसतोच. हात लांब केला तर जमीन लागते आणि पायाखाली दोन बांबू खोल पाणी. शुद्धीत असता तर तिथे जन्म काढलेल्या त्या पोराच्या हे लक्षात आलं नसतं का? पण दारूने माणसाचं पोहणं जाण्याआधी त्याचं ध्यान जातं. रस्त्यावर प्यालेल्याला निदान दुभाजक अडवतो, गतिरोधक हिसका देतो. पाणी सगळीकडे सारखंच दिसतं.

“बोट कलली तवा मी ओरडलो, भावजी, उंबर टाका, बोट धरा,” तो म्हणाला. “त्यांनी न्हाय टाकला. त्यांना वाटला असंल, टाकला तर आमी रागावू.”

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा मी नवरदेवावर दाखल केला. बोटवाल्यालाही आरोपी केलं. मुलीकडच्यांनी लग्न मोडलं. नवरदेवाचे वडील मला पुन्हा कधी भेटले नाहीत.

मयताच्या बायकोला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. भाऊ बोट चालवत होता हे तिला मीच सांगितलं.  तो रडला का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणालो. आता मला तिला दुसरी गोष्ट सांगायची होती आणि जीभ रेटत नव्हती. शवविच्छेदनात डॉक्टरांनी नोंदवलं होतं की पोटात दारू होती. देवीच्या पायरीशी दुकान म्हणून हा माणूस थेंबाला शिवत नाही, असं वज्रेश्वरीत प्रत्येकजण सांगत होता. मी सांगितलं, शक्य तितक्या हळू.

“मना म्हाईत हाय,” ती म्हणाली.

मग तिनेच सांगितलं. मांडवात तिच्या वडिलांनी जावयाचा मान म्हणून ग्लास पुढे केला. चार माणसांच्या देखत. नवऱ्याने हात जोडले. वडिलांचा चेहरा उतरला. तेव्हा नवऱ्याने बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं, काय करू म्हणून.

“मी मान हलवली साहेब. घ्या म्हटला. येक दिवस. बाबांना वाईट नको वाटाया.” ती पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. “ता घेतला म्हणून ते बोटीत बसले. शुद्धीवर असते तर बसलेच नसते. ह्या पन लिवा.”

मी म्हटलं, “ताई, याची कायद्याला गरज नाही. तुमचा यात काही गुन्हा नाही.”

“मग मी ह्या सांगू कोनाला?” ती म्हणाली.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी लिही म्हटलं. तिने ओळींवरून बोट फिरवत सगळं वाचलं, सही केली आणि वज्रेश्वरीच्या बसला गेली. तिला त्यानंतर माहेर राहिलं नाही. सासरी ती ही गोष्ट कधीच बोलू शकणार नव्हती.

तोवर मी तलावांवर बाटल्या शोधत होतो, दारुडे शोधत होतो. या केसने मला शिकवलं की पाण्यावर मरणारा माणूस प्रत्येक वेळी दारुडा नसतो. कुणीतरी मानाने हातात दिलेलं त्याला नाकारता आलेलं नसतं. बोट, लाइफ जॅकेट, बंदोबस्त हे सगळं पुढचं. त्याच्या आधी मांडवात एक क्षण असतो आणि तिथे पोलीस नसतो.

आता मी लग्नांना जातो तेव्हा कुणी कुणाला आग्रहाने ग्लास देताना दिसलं की मधे पडतो. त्यांना नकोय म्हणतात, राहू द्या, असं सरळ सांगतो. यजमान नाराज होतात. बायको घरी येऊन बोलते की तुम्हाला कुठे न्यायची सोय नाही. असू दे. नको म्हणणाऱ्याच्या बाजूने तिथे एक तरी माणूस उभा राहायला हवा. त्या माणसाने हात जोडले होते, आणि भरल्या मांडवात त्याला बघायला एकच चेहरा होता.