वजनकाट्यावरचे पाय

ताईच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला आणि अख्ख्या खानदानात जुळली ती नेमकी माझी. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "आधी दहा किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बोलू." लहानपणी ताई माझ्या ताटातलं पळवायची. आता तिचा जीव माझ्याच ताटावर अवलंबून होता, आणि याची मला भयंकर भीती वाटत होती.

एकटीने जमेना, म्हणून मोबाइलवरच्या वजन उतरवणाऱ्या बायकांच्या ग्रुपात शिरले. ग्रुपची ॲडमिनबाई खारघरच्या एका टॉवरमध्ये राहायची आणि तेवढ्याच उंचीवरून आम्हा पनवेलकरांना उपदेश करायची. नियम एकच. दर रविवारी सकाळी वजनकाट्यावर उभं राहून खाली फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. पोट आड आलं तर वाकायचं, तोही व्यायामच, असं बाईंचं म्हणणं. आकड्यासोबत पायही यायचे. चेहरे कोणी कोणाचे पाहिले नव्हते, पण जोडवी, भेगा, नेलपेंट सगळं पाठ. उरणच्या कोळीणबाईंचा अंगठा तर मी भर बाजारात ओळखला असता. ताईबद्दल मात्र मी तिथे चकार शब्द काढला नव्हता. मला दया नको होती, टाळ्या हव्या होत्या.

मग श्रावण आला आणि कोणीतरी टूम काढली की सगळ्यांनी उपास करायचे. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, काहीच सोडायचं नाही. देवही खूश, काटाही खूश. फोटो येऊ लागले: तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात आणि दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. एरवी कोणी दुसरी पोळी दाखवली असती तर सगळ्या तुटून पडल्या असत्या. खिचडीला मात्र टाळ्याच टाळ्या, कारण उपासाला नावं कोण ठेवणार? 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आम्हाला ठाऊक होती. ती दुसऱ्यांसाठी आहे अशी आमची समजूत होती.

महिना सरला आणि सगळ्यांचे काटे वर. माझा दोन किलोंनी. उरणच्या बाईंनी लिहिलं, "आमी म्हावरं बंद केलं, तरी काटा वरच हाय." ॲडमिनबाईंनी तत्परतेने धीर दिला: "खचू नका मैत्रिणींनो! हे वजन नाही. उपासात शरीर पाणी धरून ठेवतं."

मला एवढं बरं वाटलं की तो मेसेज घेऊन मी थेट डायलिसिस सेंटरला गेले. ताई मशीनला जोडलेली, पलंगावर आडवी. तिच्या अंगात पाणी खरंच साचतं. किडन्या बंद, प्यालेलं जाणार कुठे? म्हणून मशीनला लावायच्या आधी आणि नंतर तिचंही वजन करतात. मी मेसेज वाचून दाखवला. कशालाही हसणारी बाई हसली नाही.

"मला पण घे त्या ग्रुपात," एवढंच म्हणाली.

तिला तेवढाच विरंगुळा होईल असं मला वाटलं. मी नंबर दिला, ॲडमिनबाईंनी घेतलं.

रविवारी सकाळी ओळखीच्या पायांमध्ये एक नवीन जोडी उमटली. टम्म सुजलेले पाय, घोटे गायब, आणि बोट दाबून पाडलेला खड्डा मुद्दाम दिसेल असा. खाली लिहिलं होतं: "पाणी याला म्हणतात. माझ्या बहिणीचा साबुदाणा आहे."

मला रडू आलं, आणि चारचौघींत अब्रू काढली म्हणून तिचा रागही आला. थोड्या वेळाने ॲडमिनबाईंनी विचारलं, "या ताई कोण?"

मी लिहून टाकलं, "माझी मोठी बहीण. माझं वजन उतरलं की मी तिला किडनी देणार आहे."

मग जोडलेले हात, फुलं आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. त्या सगळ्यांच्या खाली ताईने लिहिलं, "उतरलं तर."