पाच कलमांची अरदास

रविवार, गुरुपुरबाच्या म्हणजे शिखांच्या गुरुजयंतीच्या आधीचा. सकाळी सव्वासात. हजर: मी, हे, गाडी चालवायला माझे धाकटे दीर विनयभावजी आणि शेजारच्या बीजी. गैरहजर: मुलगी, तिची पुण्यात परीक्षा. सोबत घेतलेले सामान: यांची काठी, औषधांचा डबा, पाण्याची बाटली, चार रुमाल, एक वही.

मी रागात होते, हे आधीच सांगून टाकते. देवाधर्माचे अनुभव लिहिणारी माणसे बहुतेक दुःखी किंवा घाबरलेली असतात. मी तशी नव्हते. चार महिन्यांपूर्वी यांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हात हळूहळू थोडा परत आला, वाचा आली नाही. समजते सगळे, वर्तमानपत्र वाचतात, गिळायलाही काही त्रास नाही, पण शब्द बाहेर येत नाही. स्पीच थेरपिस्टने चित्रांची चाळीस कार्डे दिली होती. पाणी, चहा, दार, पंखा. मी शाळेच्या कार्यालयात बावीस वर्षे वेळापत्रके लावली आहेत, तेव्हा घरीही लावले. सकाळी वीस कार्डे, संध्याकाळी वीस. हे कार्डाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि तोंड मिटून घ्यायचे. थेरपिस्ट म्हणाली होती की प्रयत्न सोडला तर पुढे अवघड होत जाईल. आणि मला दिसत होते की यांनी प्रयत्न सोडलाय.

बीजी म्हणजे छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या शेजारीण. वय ऐंशीच्या आसपास. त्यांचे सरदारजी सहा वर्षे अंथरुणाला खिळून होते, मग गेले. त्या रोज संध्याकाळी यांच्याजवळ येऊन बसत आणि काहीच बोलत नसत. एकदा मी विचारले, "बीजी, आप करती क्या हो इतनी देर?" म्हणाल्या, "सिमरन." मी वही काढली. मला कुठल्याही गोष्टीचा अर्थ, वेळ आणि पद्धत लागते. त्यांनी सांगितले तसे मी लिहून घेतले. सिमरन म्हणजे आठवण ठेवणे, आपल्या स्मरणासारखेच. नाम म्हणजे ज्याची आठवण ठेवायची तो. हुकुम म्हणजे जे घडते ते ज्याच्या आज्ञेने घडते ती आज्ञा. भाणा म्हणजे त्याची मर्जी, आणि ती गोड मानून घ्यायची. अरदास म्हणजे उभे राहून, हात जोडून केलेली विनवणी. इथे माझे पेन थांबले. हा लकवासुद्धा हुकुमच का, असे मी जरा मोठ्यानेच विचारले, आणि असेल तर हुकुम देणाऱ्याशी मला दोन शब्द बोलायचे आहेत, असेही म्हणाले. बीजी शांतपणे म्हणाल्या, "बोल ले बेटा. उसको आदत है. मैंने भी छह साल गुस्सा किया, फिर जाके थकी."

मी थकले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पाच चाळीसला उठून वीस मिनिटे 'वाहेगुरु' म्हणायला लागले आणि वहीत रोज टिक करायला लागले. तीन आठवडे झाले. एकवीस टिका, शब्द एकही नाही. बीजींनी ते पान पाहिले आणि विचारले, "ये टिक किसको दिखाएगी?" मला इतका संताप आला की मी वही त्यांच्या हातातून ओढून घेतली. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, रविवारी बेटम्याला चल, गुरुद्वाऱ्यात अरदास करवून घेऊ.

त्या रविवारी निघताना जे घडले ते लिहायला जड जाते, पण लिहायला हवे. गाडी दारात उभी होती, बीजी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, आणि मी यांना सदरा घालत होते. म्हटले, निदान 'चला' तरी म्हणा. यांनी मान फिरवली. मी म्हणाले, "तुम्हाला बोलायचंच नाहीये. मला राबवायचंय तुम्हाला. असंच राहायचं असेल तर मला मोकळी तरी करा." काचा खाली होत्या. बीजींनी ऐकले, भावजींनी ऐकले, आणि यांनी तर ऐकलेच. धार रोडला लागल्यावर मी वही उघडून लिहायला लागले. शेवटी भावजींनीच तोंड उघडले. त्यांना गप्प बसणे जमत नाही.

"वहिनी, वहीत काय लिहिताय?"

"अरदासची चिठ्ठी. पाच मुद्दे आहेत."

"भगवान को एजेंडा? मिनट्स भी आप ही लिखोगी क्या?"

"गाडी बघा तुम्ही भावजी."

पाच मुद्दे असे होते. एक, वाचा. दोन, उजवा हात. तीन, यांची प्रयत्न करण्याची इच्छा. चार, यांचे नोकरीवर परत रुजू होणे. पाच, माझी तब्येत, कारण मी पडले तर बाकी सगळे पडेल. नीट अक्षरात, हिंदीत, वर यांचे पूर्ण नाव. गुरुद्वाऱ्यात पोचल्यावर पाय धुतले, डोकी झाकली, यांच्या डोक्याला रुमाल बांधला, माथा टेकला आणि ती चिठ्ठी मी तिथल्या, अरदास म्हणणाऱ्या भाईजींच्या हातात दिली. त्यांनी ती सावकाश पूर्ण वाचली, घडी करून ठेवली. मग सगळे उभे राहिले. अरदास झाली. तीत यांचे नाव आले, तब्येतीसाठी एक वाक्य आले, तुझा भाणा मानण्याचे बळ दे असे आले, सगळ्यांचे भले होवो असे आले, आणि संपली. माझे चार मुद्दे गळले होते. तीन नंबरचा तर सगळ्यात महत्त्वाचा होता. मी बीजींना तिथेच, हात जोडलेल्या अवस्थेत, कुजबुजत म्हणाले की हे बरोबर नाही झाले. त्या म्हणाल्या, "पढ़ तो लिया ना उसने. अब तू छोड़."

सोडणे मला येत नाही. तशाच धुमसत्या मनाने मी लंगरला गेले.

लंगरमध्ये सगळे जमिनीवर रांगेत बसतात. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी भिंतीलगत बाक होते. तिथे मी यांना बसवले, शेजारी मी, पलीकडे भावजी, टोकाला बीजी. तिथली रीत अशी की रोटी ताटात टाकत नाहीत आणि आपणही उचलून घ्यायची नाही. दोन्ही हात पुढे करायचे, वाढणारा त्यात ठेवतो. वाढणारे गृहस्थ साठीचे असतील, पिवळी पगडी, पांढरी दाढी. ते आले, मी माझी रोटी घेतली आणि सवयीने यांच्यासाठीही हात पुढे केले. चार महिने यांचे सगळे मीच घेत होते. त्यांनी रोटी मागे घेतली.

"इनकी इन्हीं को दूँगा, बहनजी."

"इनका हाथ नहीं उठता."

"कोई बात नहीं. मैं खड़ा हूँ."

आणि ते खरेच उभे राहिले. पुढची सगळी रांग थांबली. मी यांचा हात उचलायला गेले तर त्यांनी डोळ्यांनीच मला नको म्हटले. यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले, खालून आधार दिला आणि दोन्ही तळवे हळूहळू वर आणले. रोटी त्यात ठेवली गेली. मग त्या गृहस्थांनी रोटीची टोपली खाली ठेवून डाळीची बादली घेतली. एक डाव वाढला आणि यांच्या तोंडाकडे बघत थांबले. "और, बाबाजी?" मी म्हणाले, बस, इनको बस. त्यांनी दुसरा डाव वाढला. "और?" मी म्हणाले, भैया, मैंने कहा ना, बस, ये इतना नहीं खाते, जूठा जाएगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. तिसरा डाव बादलीतून वर आला.

"बस."

स्पष्ट. खर्जातला, यांचाच आवाज.

"वाहेगुरु," असे म्हणून ते गृहस्थ पुढच्या ताटाकडे गेले. त्यांना काय माहीत. भावजींचा घास हातातच राहिला. "वहिनी," ते म्हणाले, "दादा बोलला." आणि मग ते बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. बीजी डोळे मिटून बसल्या होत्या.

मला रडू आले नाही. खरे सांगायचे तर मला आधी रागच आला. चाळीस कार्डे, एकवीस दिवसांच्या टिका, पाच मुद्दे, आणि पहिला शब्द डाळीच्या डावावर खर्च. मग मला एक गोष्ट आठवली आणि तो राग जागीच बसला. पहिल्या दोन वेळा हे वाढणाऱ्याकडे बघत होते. 'बस' म्हणताना त्यांनी मान वळवली होती आणि ते माझ्याकडे बघत होते.

डाळ दोघांनी मिळून संपवली. नंतर मी त्या गृहस्थांना शोधायला भांडी धुण्याच्या जागी गेले. तिथे सेवा करणाऱ्या कितीतरी पगड्या होत्या, ते नव्हते. बीजी म्हणाल्या, कोणी गावातलाच असेल, कोणी जवळच्या हातोदहूनही येतो, सेवा करून निघून जातात. डॉक्टर नंतर म्हणाले, शब्द येणारच होता, वेळ झाली होती. तेही खरे असेल. मी वाद घालत नाही. मला इतकेच ठाऊक आहे की चार महिन्यांत यांच्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट बघत उभे राहणारे पहिले माणूस ते होते. मी प्रश्न विचारून उत्तरही मीच देत होते. तीच पद्धत मी देवाच्या बाबतीतही वापरत होते. काय द्यायचे ते मी नंबर घालून कळवले होते. सिमरनच्या त्या वीस मिनिटांतही माझे लक्ष घड्याळाकडे होते, कोणाची आठवण वगैरे त्यात नव्हती.

आता पाच चाळीसला मी उठते, पण टिक करत नाही. हेही शेजारी येऊन बसतात. कधी मन लागते, कधी नळाचे पाणी आले का याचा विचार येतो. राग अजून आहे. हुकुम मला अजून गोड लागत नाही, आणि लागला असे खोटे मी लिहिणार नाही. पण ताट वाढताना मी यांच्यासमोर थांबते, आणि थांबता येते याबद्दल मी ज्या कोणाची ऋणी असेन त्याची आहे. यांच्याजवळ आता सहा-सात शब्द आहेत. 'नको' सगळ्यात जास्त वापरतात.

वहीत एक काम उरले आहे. त्या सकाळी सदरा घालताना जे बोलले त्याबद्दल यांची माफी मागणे. दर रविवारी पान उलटते आणि ते नव्या पानावर पहिल्या ओळीत उतरवून घेते. परवा त्यांच्यासमोर बसलेही होते. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले, बराच वेळ थांबले. मला शब्द आला नाही.